नाईलच्या गाळाखालचं शहर कसं शोधतात?

प्रश्न असा आहे: इजिप्तमधली देवळं आणि थडगी सगळ्यांना ठाऊक आहेत, पण माणसं राहत होती ती गावं-शहरं गेली कुठे? नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या एखाद्या जागेचं सर्वेक्षण प्रत्यक्षात कसं करतात, चुका कुठे होतात, आणि महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला हे काम शिकायचं असेल तर सुरुवात कशाने करावी?

शहरं तिथेच आहेत. बरीचशी गाळाखाली आहेत, आणि काहींचे वरचे थर शेतकऱ्यांनी खत म्हणून उचलून नेले आहेत. देवळं दगडाची होती, थडगी बहुतेक वाळवंटाच्या कोरड्या कडेला होती, म्हणून ती टिकली. घरं, कोठारं, कारखाने, अगदी राजवाडेसुद्धा कच्च्या विटांचे होते आणि नदीकाठी होते. नदी दरवर्षी पुराबरोबर गाळ टाकत राहिली. ढोबळ हिशेब हजार वर्षांना एक मीटर असा धरतात. जागेनुसार तो कमीजास्त होतो. म्हणजे रामेसिस दुसरा या फारोच्या वेळची, सव्वातीन हजार वर्षांपूर्वीची, सखल जमीन आजच्या शेताखाली तीन मीटरवर सापडली तर नवल नाही. वर काही दिसत नाही म्हणून खाली काही नाही, असं इथे कधीच म्हणता येत नाही. आणि वर पुष्कळ दिसतं म्हणून ते मूळचं तिथलंच, असंही नाही. म्हणून आधी नदी कुठून वाहत होती ते शोधायचं आणि मग शहर, हा क्रम सोडू नये असं मी सांगेन.

हा क्रम न पाळल्याने काय होतं याचं सर्वात मोठं उदाहरण तानिस. ईशान्य त्रिभुज प्रदेशातल्या सान एल-हगर या गावालगतच्या टेकाडावर रामेसिस दुसऱ्याच्या नावाचे ओबेलिस्क (उंच, निमुळते दगडी स्तंभ), पुतळे आणि कोरीव दगड ढिगाने पडले आहेत. प्येर माँते यांनी १९२९ पासून तिथे उत्खनन केलं आणि हीच रामेसिसची राजधानी पी-रामेसिस, असं ठामपणे मांडलं. १९३९-४० मध्ये त्यांना तिथे २१व्या आणि २२व्या घराण्यातल्या राजांची न लुटलेली थडगी मिळाली. ते काम थोरच. पण राजधानीचं समीकरण चुकलं. दगड रामेसिसचे होते, मात्र ते दुसऱ्यांदा वापरलेले होते, आणि त्यांच्याखाली रामेसिसच्या काळाचा वस्तीचा थरच नव्हता. खरी राजधानी दक्षिणेला सुमारे २० किलोमीटरवर, कांतीर नावाच्या खेड्याच्या शेतांखाली होती. तिथे १९२८ मध्ये महमूद हमझा यांना चकचकीत लेपाच्या फरश्या मिळाल्या होत्या आणि लबीब हबाशी यांनी पुढे हाच दावा केला होता, पण भव्य दगड नसल्याने तो मागे पडला. कोडं सुटलं ते नदीमुळे. मानफ्रेड बीताक यांनी १९६६ पासून शेजारच्या तेल एल-दाबा इथे काम करताना नाईलच्या जुन्या फाट्यांची, म्हणजे शाखांची, मांडणी केली. पेलुसियाचा फाटा गाळाने भरला, राजधानीचं बंदर निकामी झालं, आणि नंतरच्या राजांनी दगड तानिसच्या फाट्यावर ओढून नेले. १९९६ पासून कांतीरच्या शेतांवर मॅग्नेटोमीटर (जमिनीवरच्या चुंबकीय क्षेत्रातला बारीक फरक मोजणारं यंत्र) फिरवल्यावर रस्ते, वाडे, मोठ्या इमारती यांचा आराखडाच उमटला.

आता कामाच्या क्रमाकडे. पहिले काही आठवडे टेबलावरच जातात. जुने स्थलदर्शक नकाशे आणि १९६० च्या दशकातली कोरोना उपग्रहांची छायाचित्रं ही दोन्ही आजच्या चित्रांपेक्षा मोलाची, कारण त्यांत टेकाडं सपाट होण्यापूर्वीची दिसतात. कोरोनाची चित्रं १९९५ मध्ये खुली झाली. नकाशावर 'तेल' आणि 'कोम' ही नावं आधी उचलायची. दोन्हींचा अर्थ टेकाड, आणि टेकाड गेलं तरी नाव वाडीला चिकटून राहतं. इथली नेहमीची चूक डेटमची, म्हणजे नकाशाची मोजमापं ज्या पायावर बेतलेली असतात त्याची. जुने इजिप्शियन नकाशे हेल्मर्ट १९०६ या लंबगोलावर आधारलेले आहेत. ते रूपांतर न करता जीपीएसच्या डब्ल्यूजीएस ८४ वर बसवले की जागा शंभर मीटरहून जास्त सरकते, आणि पथक भलत्याच शेतात उभं राहतं. एखादी जुनी मशीद किंवा कालव्याचं दार असे तीन-चार पक्के बिंदू प्रत्यक्ष मोजून नकाशा त्यांच्यावर बसवावा.

परवान्याची तयारी महिनोन् महिने आधी करावी लागते. परदेशी पथकाचा अर्ज इजिप्तच्या पुरातत्त्व परिषदेच्या स्थायी समितीपुढे जातो, माणसांची सुरक्षा तपासणी वेगळी होते, आणि कामावर परिषदेचा इन्स्पेक्टर रोज हजर असतो. १९८३ च्या ११७ क्रमांकाच्या कायद्याने सापडलेल्या वस्तू पुरावस्तू म्हणून राष्ट्राच्या ठरतात. खापरं, माती, कोळसा यांचे नमुनेही देशाबाहेर नेता येत नाहीत, म्हणून विश्लेषण तिथेच होईल असा बेत आखावा लागतो. ड्रोनवर अवलंबून योजना करू नये. परवानगी मिळणं फार अवघड. पतंगाला किंवा लांब काठीला बांधलेला कॅमेरा आजही कामाला येतो. कामगारांचा रईस म्हणजे मुकादम बहुधा कुफ्त गावचा असतो. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ पेट्री यांनी १८९३-९४ मध्ये तिथल्या लोकांना प्रशिक्षण दिलं आणि ती परंपरा घराण्यांतून चालत आली आहे. कच्च्या विटेची कडा मातीत ओळखण्याच्या बाबतीत रईसचं मत विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मग टेकाड पायी पाहायचं. मराठी वाचकाला पांढरीचं टेकाड माहीत आहे: वस्तीची राखमिश्रित माती, जी लोक बांधकामाला आणि शेतात टाकायला खणून नेतात. इजिप्तमध्ये नेमकं तेच 'सेबाख' नावाने झालं, पण फार मोठ्या प्रमाणावर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्याच्या पूर्वार्धापर्यंत जुन्या विटांचा चुरा खत म्हणून उपसला गेला. काही टेकाडांवर त्यासाठी छोटी रेल्वे टाकली होती. अमार्नाची प्रसिद्ध मातीची पत्रंही १८८७ मध्ये अशाच खणण्यातून बाहेर आल्याचं सांगतात. त्यामुळे टेकाडावरचा मोठा खड्डा नैसर्गिक आहे, तलाव आहे की सेबाखचा, हे आधी ठरवायचं. सेबाखच्या खड्ड्याच्या भिंती उभ्या असतात आणि त्यांत विटांचे थर कापलेले दिसतात. त्या भिंती साफ करून रेखाटल्या तर न खणता मोठा छेद हाती येतो.

खापरं गोळा करताना टेकाडावर २० गुणिले २० मीटरचे चौकोन आखतात आणि काही निवडक चौकोनांतलं प्रत्येक खापर मोजून वजन करतात. काठ, बूड, कान, रंगकाम असलेले तुकडे ठेवायचे, बाकीचे मातीच्या प्रकारानुसार मोजून तिथेच परत टाकायचे. मातीसाठी व्हिएन्ना पद्धत वापरतात: नाईलचा गाळ आणि वाळवंटाकडची चुनखडीयुक्त मार्ल माती, या दोन्हींचे प्रकार ए, बी अशा अक्षरांनी ओळखतात. नुसत्या मोजणीवर विसंबू नये. रोमन काळातला कंगोऱ्यांचा एक अँफोरा (दोन कानांचा उंच रांजण) फुटला तर शंभराहून जास्त तुकडे होतात; जुन्या राजवटीचा पावाचा जाड साचा फुटून दहा-पंधरा. मोजणीत रोमन वस्ती प्रचंड दिसते आणि पिरॅमिडांच्या काळची नाहीशी होते. म्हणून संख्या, वजन आणि काठाचा किती भाग शिल्लक आहे, हे तिन्ही आकडे लिहायचे. दुसरी अडचण म्हणजे वरचा थर नेहमी शेवटच्या वस्तीचा असतो. खालच्या काळाची खापरं वर येतात ती सेबाखचे खड्डे, विहिरी आणि थडगी खणताना. एखाद्या चौकोनात अचानक दोन हजार वर्षं जुना पुंजका दिसला, तर आसपास खड्डा शोधा. खड्डा नसेल तर माती बाहेरून आली का ते गावात विचारा, कारण रस्त्याच्या भरावाला टेकाडाची माती वापरण्याची रीत आहे आणि त्यातून खोट्या 'जागा' तयार होतात.

कच्च्या विटांच्या भिंती पाहायच्या तर वरची दोन ते पाच सेंटिमीटर सैल माती खरवडून काढतात, खणत नाहीत. हे सकाळी लवकर करावं. रात्रीच्या दवाने माती ओलसर असते. भिंत आणि तिच्याभोवतीचा भराव वेगवेगळ्या वेगाने सुकतो, आणि तास-दोन तास विटांच्या रेषा स्पष्ट दिसतात. ऊन वर आलं की सगळं एकाच करड्या रंगाचं होतं. तेवढ्या वेळात खुणा रोवून टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राने) बिंदू घ्यायचे.

मॅग्नेटोमीटर इथे इतका चांगला का चालतो याचं कारण इथिओपियात आहे. निळी नाईल आणि अटबारा या नद्या आपल्या दख्खनसारख्याच बसाल्टच्या पठारावरून गाळ आणतात, आणि त्या गाळात मॅग्नेटाइट असतं. त्या गाळाची वीट वाळूत किंवा राखेत उभी असेल तर ती ठळक उठून दिसते. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र तिथे चाळीस हजार नॅनोटेस्लाच्या वर असतं आणि भिंतीमुळे पडणारा फरक काही मोजक्या नॅनोटेस्लाचा. एवढा बारीक फरक पकडायचा म्हणजे शिस्त हवी. यंत्र धरणाऱ्याच्या अंगावर पट्ट्याचं बक्कल, पँटची चेन, बुटाच्या धातूच्या कड्या, फोन, काहीही नको. जागेवरच्या तारा, पत्रे, बाटल्यांची झाकणं आधी वेचायची. चौकोन ४० गुणिले ४० मीटर, रेषांमधलं अंतर अर्धा मीटर. या अंतराने एक हेक्टर म्हणजे वीस किलोमीटर चालणं होतं, तेही हल्फा गवताच्या गाठींवरून, एकसारख्या वेगाने. वेग बिघडला की सरळ भिंत चित्रात करवतीसारखी दिसते. जाताना-येताना मोजण्याऐवजी सगळ्या रेषा एकाच दिशेने चालल्या तर हा दोष बराच कमी होतो. वेळ जास्त लागतो, पण तो द्यावा.

चित्र वाचताना तीन फसवणुकी लक्षात ठेवा. पक्क्या विटा आणि भट्ट्या इतक्या जोरदार दिसतात की शेजारच्या कच्च्या भिंती झाकल्या जातात. चुनखडीचा पाया गाळात उलटा, म्हणजे कमी मूल्याचा दिसतो. दगड चोरून नेल्यावर उरलेला वाळूभरला चर पण तसाच दिसतो, म्हणून चित्रावरून 'देऊळ शाबूत आहे' असं म्हणू नये. आणि गाळाची भिंत गाळाच्याच भरावात असेल तर ती जवळजवळ दिसतच नाही. खोलीची मर्यादाही आहे: घरांच्या भिंतींसाठी एक-दोन मीटर. कांतीरला यश आलं ते अवशेष नांगरटीच्या थोडंसंच खाली होते म्हणून.

जमिनीत शिरणारं रडार, म्हणजे जीपीआर, वाळवंटाच्या कडेच्या सक्काराच्या कोरड्या वाळूत उत्तम चालतं. त्रिभुज प्रदेशातल्या ओल्या, खारट चिकणमातीत त्याचा संकेत थोड्याच अंतरात विरतो. तिथे जमिनीत खुंट्या रोवून विद्युत प्रतिरोध मोजणं जास्त भरवशाचं. खोली साधारण खुंट्यांना जोडणाऱ्या तारेच्या लांबीच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतकी मिळते, आणि सुकलेल्या पृष्ठभागावर खुंट्यांभोवती थोडं पाणी ओतावं लागतं. २०२५ मध्ये खाफ्रेच्या पिरॅमिडखाली उपग्रह रडारने शेकडो मीटर खोल खांब दिसल्याची बातमी सगळीकडे फिरली. उपग्रह रडारच्या लहरी अगदी कोरड्या वाळूतही काही मीटरच्या पुढे जात नाहीत, हे एवढं लक्षात ठेवलं तर त्या दाव्याचं काय करायचं ते कळतं.

या सगळ्यात ज्याला मी पहिलं स्थान देतो ते म्हणजे हाताने फिरवायचं ऑगर, जमिनीत भोक पाडून माती वर काढणारं गिरमिट. सुमारे सात सेंटिमीटर व्यासाचं पातं, वर एक-एक मीटरचे जोडदांडे, फिरवायला दोन माणसं, नोंदीला एक. एका वेळी दहा ते वीस सेंटिमीटर माती वर येते. ती प्लास्टिकच्या पन्हाळीत किंवा कापडावर क्रमाने मांडायची. ओल्या मातीचा रंग मुन्सेल या रंगांच्या प्रमाण तक्त्याशी जुळवायचा, बोटांत चोळून वाळू, पोयटा की चिकणमाती ते लिहायचं, हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकून चुन्याचा फेस येतो का पाहायचं, आणि मग सगळी माती बारीक चाळणीवर पाण्याने धुवायची. चाळणीत खापराचा कण, विटेचा लाल तुकडा, कोळसा, माशाचं हाड, चुनखडीची कपची, गोड्या पाण्यातली गोगलगाय यांपैकी काहीतरी मिळतं. प्रत्येक पिशवीवर छिद्राचा क्रमांक आणि वरची-खालची खोली. सात-आठ मीटरचं एक छिद्र चांगल्या पथकालाही अर्ध्या दिवसाच्या वर लागतं.

टेकाडाच्या कडेला साधारण असा क्रम मिळतो. वर नांगरटीचा थर. त्याखाली एकसंध तपकिरी गाळ, जवळजवळ स्वच्छ, हा पुराचा. मग अचानक राख, कोळसा, खापरं यांचा काळपट पट्टा, ही वस्ती. त्याखाली पुन्हा गाळ, आणि शेवटी पिवळी जाड वाळू, जिला गेझिरा म्हणतात. हिमयुगाच्या काळातल्या नद्यांनी सोडलेल्या या वाळूच्या उंचवट्यांवर पुराचं पाणी सहसा चढत नसे, म्हणून पहिल्या वस्त्या तिथेच झाल्या. नदीचा जुना फाटा ओळखता येतो: तळाशी भरड वाळू, वर बारीक वाळू, मग पोयटा, सगळ्यात वर चिकणमाती. फाटा मरत गेला, पाणी मंदावलं, त्याचा हा लेखाजोखा. ५० ते १०० मीटर अंतराने एका रेषेत छिद्रं घ्यायची आणि फाट्याची कडा लागली की तिथे अंतर कमी करायचं. मेम्फिस या प्राचीन राजधानीत १९८१ पासून डेव्हिड जेफ्रीज यांच्या पथकाने अशाच छिद्रांवरून नदी पूर्वेकडे सरकत गेल्याचं दाखवलं. २०२४ मध्ये लिश्त ते गिझा या पट्ट्यातल्या ३१ पिरॅमिडांलगतच्या गाडलेल्या फाट्याची जी बातमी आली, तिथेही उपग्रह चित्रांनी सुचवलेल्या रेषेला आधार दिला तो जमिनीतून काढलेल्या मातीच्या नमुन्यांनी.

ऑगरमध्ये काय बिघडतं? पहिलं, छिद्राच्या भिंतीवरची माती खाली पडते आणि रोमन खापर चार मीटरवर 'सापडतं'. म्हणून प्रत्येक पात्यातली वरची पाच-दहा सेंटिमीटर माती टाकून द्यायची. दुसरं, भूजलाखाली वाळू ढासळते. तिथे नळी बसवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जानेवारीत कालवे दुरुस्तीसाठी बंद ठेवतात, तेव्हा पाणी थोडं उतरतं. खोल छिद्रं तेव्हाच ठेवा. तिसरी चूक अनुभवी लोकांकडूनही होते. देवळाचा पाया घालताना मोठा खड्डा खणून तो स्वच्छ वाळूने भरत असत. ऑगरमध्ये ती वाळू आली की गेझिरा लागला असं वाटतं आणि काम थांबतं. आणखी मीटर-दोन मीटर खाली जावं: गेझिरा चालूच राहतो, पायाची वाळू संपून पुन्हा गाळ किंवा जुनी वस्ती लागते. तसंच उत्तरकालीन तटबंदी दहा मीटरहूनही रुंद असते. तिच्यात छिद्र पडलं तर एकसंध गाळ येतो आणि तो पुराचा वाटतो. विटेच्या गाळात पेंढ्याचे ठसे, खापराचे बारीक कण आणि रंगांचे मिश्र ठिपके असतात. पुराच्या गाळात हे नसतं. खापरांच्या कडाही पाहा. धारदार कडा म्हणजे तुकडा जागच्या जागी पडला, गोलसर झिजलेल्या कडा म्हणजे पाण्याने वाहून आणला.

चौथी चूक सगळ्यात महाग पडते: उंची. हातातल्या जीपीएसची उंची या कामाला निरुपयोगी आहे. प्रत्येक छिद्राच्या तोंडाची उंची एकाच पक्क्या खुणेवरून टोटल स्टेशनने किंवा सेंटिमीटरपर्यंत अचूक असणाऱ्या आरटीके जीपीएसने घ्यावी. सगळा अर्थ 'वस्तीचा थर समुद्रसपाटीपासून किती' यावर उभा आहे. अर्ध्या मीटरची चूक म्हणजे ढोबळ हिशेबाने पाचशे वर्षांची चूक.

मराठी विद्यार्थ्याबद्दल. भारताने नाईलकाठी काम केलेलं आहे. आस्वानच्या उंच धरणामुळे नुबिया बुडणार होता, तेव्हा युनेस्कोच्या मोहिमेत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं पथक बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली १९६२ मध्ये अफ्येह आणि तुमास इथे गेलं होतं. आज तयारी करायची तर खापराचा काठ एकास एक मापात रेखाटणं, टोटल स्टेशन आणि छेदाचं वाचन पुण्याच्या डेक्कन कॉलेजसारख्या ठिकाणी आणि आपल्याच पांढरीच्या टेकाडांवर पक्कं करा. हे इजिप्तमध्ये जसंच्या तसं लागतं, कारण वस्तू बाहेर नेता येत नसल्याने रेखाटन जागेवरच पूर्ण व्हावं लागतं. जोडीला रईसशी बोलता येईल एवढी इजिप्शियन अरबी, आणि जुने अहवाल वाचण्यापुरती फ्रेंच व जर्मन. चित्रलिपी नंतर शिकली तरी चालेल. गाळाच्या सर्वेक्षणात पहिली काही वर्षं अक्षरांपेक्षा माती जास्त वाचावी लागते. सुरुवातीला कुणी तुम्हाला उत्खननाची जागा आणि ऑगरची नोंदवही यांत निवड करायला सांगितली, तर नोंदवही घ्या.